रुग्णालय-गाडी आपल्या स्टेशनवर येणार असेल तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीवनरेखा एक्सप्रेस विदर्भातल्या एखाद्या स्टेशनवर आणायची तर काय काय करावं लागतं, हे विचारणारे फोन आणि निरोप आम्हा नागपूरच्या स्वयंसेवकांकडे सारखे येतात. कुणी सरपंच असतात, कुणी शिक्षक, कुणी आजीला घेऊन निघालेला नातू. तेच तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आम्ही ही गाडी चालवणाऱ्या इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशन या संस्थेचे पदाधिकारी नाही. गाडी कुठे आणि कधी जाणार, हे संस्था आणि रेल्वे ठरवतात. गाडी येण्याआधीची आणि ती गेल्यानंतरची कामं मात्र तुमच्या-आमच्याच हातात असतात, आणि खरी मेहनत तिथेच लागते.

१. ही नेमकी कसली गाडी आहे?

हे रुळांवरचं रुग्णालय आहे. तिला तिकीट नसतं आणि वेळापत्रकात ती सापडत नाही. इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशन आणि भारतीय रेल्वे यांनी मिळून ती सुरू केली. १६ जुलै १९९१ रोजी खलारी इथून तिची सुरुवात झाली. खलारी तेव्हा बिहारमध्ये होतं, आता झारखंडमध्ये आहे. सुरुवातीला रेल्वेने दिलेले तीन जुने डबे होते, आता सात आहेत. त्यात ऑपरेशन थिएटर, शुद्धीवर येईपर्यंत रुग्णाला ठेवायची जागा, एक्स-रे, दातांचा विभाग, निर्जंतुकीकरणाची सोय, कर्मचाऱ्यांची राहायची व्यवस्था आणि जनरेटर असं सगळं आहे. २०१६ मध्ये जोडलेल्या दोन डब्यांमुळे कर्करोगाची तपासणी आणि कुटुंब-आरोग्याच्या सेवाही सुरू झाल्या. गाडी एका ठिकाणी साधारण तीन-चार आठवडे थांबते. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर देशभरातून आपापले काही दिवस काढून, मानधन न घेता येतात.

२. परदेशात धर्मादाय रुग्णालय-जहाजं असतात म्हणे. ही गाडी तशीच का?

कल्पना तीच: रुग्णाला रुग्णालयापर्यंत येता येत नसेल तर रुग्णालयानेच निघावं. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या मर्सी शिप्स या संस्थेचं ‘ग्लोबल मर्सी’ हे जहाज १७४ मीटर लांब आहे, त्यावर सहा ऑपरेशन थिएटरं आहेत आणि ते आफ्रिकेतल्या बंदरांत महिनोन् महिने थांबतं. बांगलादेशात इम्पॅक्टचंच ‘जीबन तरी’ हे तरंगतं रुग्णालय १९९९ पासून नद्यांवर फिरतंय.

तयारीतही बरंच साम्य आहे. जहाज येण्याच्या कितीतरी आधी संस्थेचं पथक त्या देशात पोचतं, सरकारशी करार होतो. मग धक्क्याजवळ पाणी पुरेसं खोल आहे का, इतके महिने ती जागा अडवली तर मालवाहू जहाजं कुठे लागतील, गोडं पाणी कुठून येईल, कचरा कुठे जाईल, रुग्णांची रांग कुठे बसेल, ऑपरेशन झालेले रुग्ण बंदराबाहेर कुठे राहतील, या गोष्टी ठरतात. धक्क्याऐवजी फलाट आणि पाण्याच्या खोलीऐवजी रूळ म्हणा, आपली यादी जवळजवळ तयार होते. एक फरक मोठा आहे. जहाजावर रुग्णांना काही दिवस ठेवायचे वॉर्ड असतात. गाडीत तेवढी जागा नाही, त्यामुळे वॉर्ड गावात उभा करावा लागतो (प्रश्न १३ पाहा).

३. मग नागपूर स्टेशनवरच का उभी करत नाही? सगळीकडून यायला सोपं पडेल.

हा प्रश्न नागपूरकरच जास्त विचारतात. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे दोन मोठे मार्ग इथे एकमेकांना छेदतात. फलाटाची एक लाइन तीन आठवडे अडवून ठेवणं इथे फार अवघड आहे. पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे. नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, सुपर स्पेशालिटी आहे, मिहानला एम्स आहे, सगळी मोठी सरकारी रुग्णालयं. गाडी निघाली ती ज्यांना यांपैकी कुठेच पोचता येत नाही त्यांच्यासाठी. गडचिरोली जिल्ह्यात वर्षानुवर्षं रेल्वेचं एकच स्टेशन होतं, वडसा. सिरोंच्याहून वडशालाच दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर पडतं. त्या माणसाला नागपूरला या असं सांगणं म्हणजे येऊ नका म्हणण्यासारखंच आहे.

नागपूरचं काम पाठीशी उभं राहण्याचं: रक्त, तज्ज्ञ, गुंतागुंतीचे रुग्ण घेणारी रुग्णालयं आणि स्वयंसेवक.

४. आमच्या तालुक्याला गाडी हवी आहे. सुरुवात कुठून करू?

जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांच्यापासून. जिल्हा प्रशासनाची साथ नसेल तर पुढचं काहीच हलत नाही, कारण इमारती, वीज, पाणी, पोलीस, आशाताई आणि सरकारी डॉक्टर हे सगळं तिथूनच येतं. अर्जाला आकडे जोडा: प्राथमिक आरोग्य केंद्रनिहाय मोतीबिंदूचे किती रुग्ण नोंदलेले आहेत, फाटलेल्या ओठाची, कानातून पू येणारी मुलं किती, जवळचं शस्त्रक्रियेचं रुग्णालय किती लांब. ‘आमचा भाग मागास आहे’ या एका वाक्यापेक्षा नावनिशीवार यादीचं वजन जास्त पडतं. त्यानंतर संस्थेला पत्र, आणि त्याच सुमारास रेल्वेच्या विभागीय कार्यालयाला.

इथे नेहमी गोंधळ होतो तो असा. नागपुरात रेल्वेचे दोन विभाग आहेत, एक मध्य रेल्वेचा आणि दुसरा दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा. वर्धा, बल्लारशाह, काटोल मध्य रेल्वेकडे. गोंदिया, वडसा, नागभीड दक्षिण पूर्व मध्यकडे. पत्र चुकीच्या विभागाला गेलं की ते या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतं. निदान सहा-आठ महिने हाताशी ठेवून निघा.

५. खर्च कोण करतं? रुग्णाला किती पैसे भरावे लागतात?

रुग्णाला एक पैसाही नाही. तपासणी, शस्त्रक्रिया, डोळ्यात बसवायचं भिंग, औषधं, सगळं मोफत. नाव लवकर लावून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर त्याच दिवशी तहसीलदारांना किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांना कळवा.

शिबिराचा खर्च प्रायोजकाकडून येतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. आपल्याकडे कोळसा, सिमेंट, वीज, कागद, पोलाद यांचे कारखाने आहेत, त्यांच्याकडे जा. पण गावाचाही वाटा असतो, आणि तो पैशापेक्षा शिध्यात, इमारतीत, गाड्यांत आणि माणसांत असावा असं आमचं मत आहे. ज्या गावाने तांदूळ दिला ते गाव रुग्णांकडे लक्षही देतं.

६. कोणता महिना बरा?

पूर्व विदर्भासाठी जानेवारी-फेब्रुवारी. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी असते आणि नाल्यांना पूर असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धानाची कापणी, तिकडे वऱ्हाडात कापसाची वेचणी. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून माणसं मोहफुलं वेचायला जंगलात असतात, मेमध्ये तेंदूपत्ता. हे दोन हंगाम म्हणजे अनेक घरांची वर्षाची रोख कमाई. ऑपरेशनसाठी कुणी ती सोडणार नाही आणि सोडायला सांगूही नये. शिवाय मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा मांडवात बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना उष्माघात व्हायचा, आणि डोळ्याच्या ऑपरेशननंतर घाम आणि धूळ नकोच. तारीख ठरवताना कॅलेंडरच्या आधी आशाताईंना विचारा. गावात कोण कधी रिकामं असतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

७. स्टेशनवर नेमकी काय तयारी लागते?

सगळ्यात आधी जागा. गाडी अशा लाइनवर हवी जिथून तिला तीन आठवडे हलवावं लागणार नाही, आणि ती मुख्य मार्गापासून जितकी दूर तितकी चांगली. डोळ्याची आणि कानाची ऑपरेशनं सूक्ष्मदर्शकाखाली होतात. शेजारून भरलेली मालगाडी गेली की जमीन हादरते, हे स्टेशनजवळ राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. ते शक्यच नसेल तर स्टेशन मास्तरांकडून गाड्यांच्या वेळा आधी मिळण्याची सोय करा.

मग पाणी. हात धुणं, उपकरणं धुणं, निर्जंतुकीकरण, स्वयंपाक, सगळ्याला पाणी लागतं, आणि ते दिवसातून दोन तास येऊन चालत नाही. नळ असला तरी टँकर राखून ठेवा आणि पाण्याचे नमुने आधीच तपासून घ्या. विजेचंही तसंच. गाडीत जनरेटर आहे, पण तो चोवीस तास चालवला तर आवाज, धूर आणि डिझेलचा खर्च. स्टेशनवरून जोडणी मिळाली तर उत्तम. ती रेल्वेच्या विद्युत विभागाकडूनच करून घ्यायची, ओळखीच्या वायरमनकडून नाही.

ज्याच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं ती गोष्ट म्हणजे पायरी. उंच फलाट असला तरी डब्याचं दार त्याहून वर असतं आणि मध्ये फट असते. तुम्ही-आम्ही सहज पाय टाकतो. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू असलेल्या आजीला ती फट दिसत नाही. ती काठीने चाचपते, काठी फटीत जाते आणि ती तिथेच थिजते. मागे रांग थांबते, कुणीतरी मागून ‘चला आजी’ म्हणतं आणि तिची भीती आणखी वाढते. म्हणून दाराशी दोन्ही बाजूंना कठडा असलेला, घट्ट बसवलेला लाकडी उतार करून घ्या. त्यावरून स्ट्रेचर आणि चाकाची खुर्ची दोन्ही जायला हवीत. गाडी येण्याआधी त्यावर पाण्याने भरलेला ड्रम ढकलून बघा.

बाकी सावलीचा मांडव, बसायला बाकं किंवा सतरंज्या, बायकांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळी आणि रात्री उजेड असलेली शौचालयं, पिण्याचं पाणी, अग्निशमन यंत्रं, रुग्णवाहिका उभी राहील अशी मोकळी जागा, आणि रेल्वे सुरक्षा दलाचा माणूस. रूळ ओलांडून कुणीही गाडीकडे येता कामा नये. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं.

८. कोणती ऑपरेशनं होतात? कोणती होत नाहीत?

मोतीबिंदू, कानाचा फाटलेला पडदा, फाटलेला ओठ, पोलिओमुळे आखडलेले हातपाय, भाजल्यामुळे चिकटलेली त्वचा, दातांचे उपचार. मिरगीच्या रुग्णांची तपासणी होते. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी होते. प्रत्येक शिबिरात सगळंच असेल असं नाही. कोणते तज्ज्ञ कोणत्या दिवशी येणार त्याप्रमाणे वार ठरतात.

हृदय, किडनी, मेंदू, गुडघा बदलणं, हर्निया, अपेंडिक्स यांसाठी गाडी नाही. तातडीच्या आजारासाठी तर नाहीच. कर्करोगाचा संशय आला तर पुढचा उपचार मोठ्या रुग्णालयात होतो. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्या प्रत्येकाने तोंड मात्र तपासून घ्यावंच. आपल्या भागात पंधरा-सोळा वर्षांची पोरंही खर्रा खातात, आणि तोंड पूर्ण उघडत नाही हे लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

पोलिओबद्दल एक खुलासा. भारतात शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यामुळे आता येणारे पोलिओचे रुग्ण बहुतेक मोठी माणसं असतात. ऑपरेशननंतर त्यांना प्लास्टर, मग कॅलिपर (पायाला आधार देणारा सांगाडा) आणि कित्येक आठवडे व्यायाम लागतो. ती सोय तालुक्यात नसेल तर नुसतं ऑपरेशन करून फारसं काही साधत नाही.

९. तपासणी शिबिर आणि गाडी यात फरक काय? लोक थेट गाडीवर आले तर?

थेट आलेल्या माणसाला परत पाठवायचं नाही, पण गाडीतही चढवायचं नाही. तपासणी बाहेर होते, ग्रामीण रुग्णालयात किंवा शाळेत. तिथे नाव, वजन, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची चाचणी (प्रश्न ११) आणि त्या-त्या तज्ज्ञाची तपासणी. जो रुग्ण योग्य ठरेल त्याला तारखेची चिठ्ठी मिळते.

गावोगावची प्राथमिक तपासणी गाडी येण्याच्या आधीच उरकलेली बरी. आशाताई आणि नेत्र चिकित्सा अधिकारी यांनी गाळणी लावली तर मुख्य तपासणीला येणारे बरेचसे खरोखर ऑपरेशनचे रुग्ण असतात. गाळणी लावली नाही तर चष्म्याचा नंबर बदललेली माणसंही चाळीस किलोमीटरवरून उपाशी येतात.

नाही म्हणायची वेळ येतेच. काचबिंदूने किंवा डोळ्याचा पडदा खराब झाल्याने गेलेली नजर मोतीबिंदू काढून परत येत नाही. हे ऐकायला दिवसभर रांगेत बसलेला माणूस समोर असतो. रांगेतच, सगळ्यांसमोर ‘होणार नाही, पुढचा’ असं त्याला कुणी म्हणू नये. यासाठी एक वेगळी खोली, एक समंजस माणूस आणि दहा मिनिटं राखून ठेवा. काय झालंय, का होणार नाही, कुठे दाखवता येईल, अंधत्वाचा दाखला कसा मिळेल, हे कागदावर लिहून द्या आणि परतीच्या बसचं भाडं हातात ठेवा. आमच्या मते शिबिर चांगलं झालं की नाही हे या खोलीवरून कळतं.

१०. दूरच्या गावांपर्यंत बातमी कशी पोचवायची?

व्हॉट्सॲपवर विसंबू नका. ज्यांना गाडीची सगळ्यांत जास्त गरज आहे त्यांच्याकडे तो फोन नसतो, किंवा दिसत नसल्याने वाचता येत नाही. दवंडी, आठवडी बाजार, रेशन दुकान, शाळेतली मुलं आणि आशाताई हे मार्ग पक्के. जानेवारी-फेब्रुवारीत झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकांचा हंगाम ऐन भरात असतो आणि वडसा तर नाटक मंडळ्यांचं माहेरच. रात्रभर चालणाऱ्या नाटकाला पंचक्रोशी लोटते. अंकांच्या मध्ये दोन मिनिटं मागितली तर मंडळी आनंदाने देतात.

भाषेचा विचार करा. भामरागड-एटापल्लीकडे माडिया, कोरची-कुरखेड्याकडे गोंडी आणि छत्तीसगढी, सिरोंच्याला तेलुगू, चामोर्शी-मुलचेरा भागात बंगाली. पत्रक मराठीत छापलं की काम झालं असं नाही. त्या-त्या भाषेचा एक माणूस तपासणीलाही हवा आणि भूल देताना रुग्णाच्या उशाशीही हवा.

११. सिकलसेलची तपासणी सगळ्यांना सक्तीची का? आमच्या घरात कुणालाच नाही.

‘कुणालाच नाही’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘कुणाची तपासलीच नाही’ असा निघतो. विदर्भात, विशेषतः पूर्वेकडच्या जिल्ह्यांत, सिकलसेल बराच आढळतो. वाहक माणूस, म्हणजे ज्याच्यात दोष आहे पण आजार नाही असा, आयुष्यभर धडधाकट राहतो आणि त्याला पत्ताही नसतो. १ जुलै २०२३ पासून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. तिचं कार्ड असेल तर ते आणा.

ऑपरेशनशी याचा थेट संबंध आहे. प्राणवायू कमी पडला, शरीर गार झालं, अंगातलं पाणी कमी झालं की या रुग्णाच्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या अडतात. थंड थिएटर, तासन् तास उपाशी राहणं, भूल, आणि हाताच्या-पायाच्या ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला बांधलेला पट्टा, या सगळ्या गोष्टी तिथे एकत्र येतात.

प्राथमिक चाचणी एवढंच सांगते की दोष आहे की नाही. माणूस वाहक आहे की प्रत्यक्ष रुग्ण, हे ठरवायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली चाचणी लागते आणि त्याचा अहवाल यायला वेळ जातो. म्हणून ही तपासणी गाडी यायच्या आधी व्हायला हवी. वाहकांचं ऑपरेशन योग्य काळजी घेऊन सहसा करता येतं. प्रत्यक्ष रुग्ण असेल तर रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात पाठवावं. गाडीत नाव लागलं नाही म्हणून त्या कुटुंबाला वाईट वाटतं, पण हा निर्णय त्यांच्या भल्याचाच आहे.

१२. आमच्या आबाजीले शुगर आहे, बीपी बी आहे. त्यायचं ऑपरेशन होईन का?

साखर आणि रक्तदाब आटोक्यात असेल तर होतं. तपासणीच्या दिवशी साखर जास्त निघाली तर नकार मिळतो असं नाही. गोळ्या सुरू करून किंवा वाढवून दहा-बारा दिवसांनी पुन्हा बोलावतात. यासाठीच तपासणी आधी हवी. आबाजींच्या गोळ्यांचं पाकीट सोबत आणा, नुसतं ‘पांढरी गोळी’ म्हणून भागत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते ठरवतील.

१३. ऑपरेशननंतर रुग्ण कुठे राहतो? सोबत किती जणांनी यायचं?

गाडीत फक्त शुद्धीवर येईपर्यंत. नंतरचा वॉर्ड स्टेशनजवळच्या शाळेत, मंगल कार्यालयात किंवा ग्रामीण रुग्णालयात करावा लागतो. जागा स्टेशनपासून अगदी जवळ हवी, तळमजल्यावर हवी. खोल्या आधी धुऊन, चुना मारून, जाळ्या लावून घ्या. मांजरं-कुत्री आत येणार नाहीत असं बघा. रात्रपाळीला परिचारिका आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर हवाच.

सोबत एक माणूस, आणि तो धडधाकट हवा. दोन म्हातारी माणसं एकमेकांच्या आधाराने येतात आणि दोघांनाही दिसत नसतं, असंही घडतं. अशा जोडीसाठी एक स्वयंसेवक नेमून द्या. जेवण साधं: वरण-भात, पोळी, भाजी, सकाळी उपमा किंवा पोहे. तिखट बेताचं ठेवा. ठसका लागला की टाक्यांवर ताण येतो.

१४. ऑपरेशनच्या दिवशी काय आणायचं, काय टाळायचं?

आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करून या, केसांना तेल नको. काजळ, सुरमा, नखांना रंग नको. नाकातली चमकी, जोडवी, डोरलं घरी ठेवता आलं तर ठेवा. हिरव्या बांगड्या उतरवायला काही आयाबाया तयार नसतात. जबरदस्ती करू नका. ऑपरेशन हाताचं नसेल तर परिचारिका त्यावर स्वच्छ कापड गुंडाळू शकतात.

पूर्ण भूल असेल तर सांगितलेल्या वेळेनंतर अन्न नाही, चहा नाही, खर्राही नाही. ‘फक्त एक घोट चहा’ घेतलेला लपवू नका, भुलेत उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. मोतीबिंदूला बहुतेक वेळा फक्त डोळ्यापुरती भूल असते, तेव्हा हलकं खाऊन यायला सांगतात.

ज्या डोळ्याचं ऑपरेशन आहे त्याच्या भुवईवर वॉर्डातच खूण करतात. ती पुसू नका. आत नेण्याआधी तुम्हाला पुन्हा पुन्हा नाव आणि कोणता डोळा हे विचारतील. कंटाळू नका, तीच पद्धत आहे.

१५. रुग्णालयाचा कचरा कुठे जातो? आमच्या ग्रामपंचायतीला चिंता आहे.

चिंता रास्त आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार तो पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या अशा वेगळ्या डब्यांत जमा होतो आणि अधिकृत प्रक्रिया केंद्राची गाडी तो घेऊन जाते. तो ४८ तासांपेक्षा जास्त साठवता येत नाही. त्या केंद्राशी लेखी करार गाडी येण्याआधी हवा. गावाच्या उकिरड्यावर एक सुईसुद्धा जाता कामा नये. वॉर्डातल्या मलमपट्टीचा कचराही याच नियमात येतो, हे शाळेच्या सफाई कामगारांना नीट समजावून सांगा आणि हातमोजे द्या.

१६. मी डॉक्टर नाही. मला काही काम मिळेल का?

डॉक्टरांपेक्षा जास्त माणसं तुमच्यासारखीच लागतात. नोंदणी, रुग्णाचा हात धरून नेणं, एसटी डेपोशी बोलून जादा बस मिळवणं, स्वयंपाक, वाढणं, चादरी धुणं, रात्री वॉर्डात बसणं, रडणाऱ्या पोराला सांभाळणं. किमान आठवडाभर सलग येणार असाल तरच नाव द्या. रोज नवा माणूस आला की रोज नव्याने शिकवावं लागतं. मेडिकल आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी आपल्या महाविद्यालयाची परवानगी घेऊन यावं.

१७. फोटो-व्हिडिओ काढले तर चालतील का?

रुग्णाने समजून होकार दिला तरच. लहान मुलांचे आई-वडिलांना विचारूनच. उपचार मोफत मिळतोय म्हणून चेहरा दाखवायची कुणावर सक्ती नाही. थिएटर आणि वॉर्डात पाहुण्यांचे फोटो नकोत, हार-तुरे तर नकोतच.

१८. बाळाचा ओठ फाटलेला आहे, गाडी येईपर्यंत थांबू का? वाकड्या पायाचं काय?

ओठाच्या ऑपरेशनसाठी डॉक्टर साधारणपणे बाळ अडीच महिन्यांचं झालेलं, वजन साडेचार किलोच्या आसपास आणि हिमोग्लोबिन १० असं बघतात. टाळूचं ऑपरेशन नंतर, नऊ महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान. बाळ त्या वयात असेल आणि गाडी जवळ आली असेल तर ठीक. नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला आजच दाखवा. तोवर बाळाला उभं धरून, थोडं थोडं दूध पाजा. वजन वाढणं ही पहिली पायरी आहे.

जन्मतः वाकडा पाय असेल तर मुळीच थांबू नका. पहिल्या काही आठवड्यांत दर आठवड्याला प्लास्टर बदलत गेलं तर बहुतेक पाय मोठ्या ऑपरेशनशिवाय सरळ होतात. गाडीची वाट पाहण्यात तेच दिवस जातात.

१९. एक डोळा झाला. दुसरा त्याच शिबिरात करून मिळेल का?

सहसा नाही. पहिला डोळा पूर्ण बरा झाल्याची खात्री झाल्यावरच दुसऱ्याचा विचार करतात. दुसऱ्या डोळ्यासाठी जिल्हा रुग्णालयाची तारीख गाडी जाण्याआधीच मागून घ्या. पहिल्या ऑपरेशनच्या कागदावर भिंगाचा नंबर असतो, तो कागद जपून ठेवा.

२०. गाडी निघून गेली आणि नंतर त्रास झाला तर जायचं कुठे?

हा प्रश्न गाडी बोलवायच्या आधीच सुटलेला हवा. कोणतं रुग्णालय पुढची तपासणी करणार, तिथला जबाबदार डॉक्टर कोण, त्यांच्याकडे रुग्णांची यादी आणि कागदपत्रं पोचली का, हे लेखी ठरवा. मोतीबिंदूची तपासणी दुसऱ्या दिवशी, साधारण आठवड्याने आणि मग महिना-दीड महिन्याने. महिन्याभरानंतरच्या तपासणीला माणसं येत नाहीत, कारण दिसायला लागलेलं असतं आणि शेतात काम असतं. म्हणून ती तपासणी गावच्या उपकेंद्रातच लावा.

डोळा लाल होणं, ठणकणं, पू येणं, आलेली नजर पुन्हा अंधूक होणं, यांपैकी काहीही झालं तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, १०८ ला फोन करून ठरलेल्या रुग्णालयात जा. थेंबांच्या बाटल्यांवर अक्षरांऐवजी चित्रं काढून द्या: एकीवर सूर्य, दुसरीवर सूर्य आणि चंद्र. वाचता न येणाऱ्यांनाही कोणती कधी घालायची ते कळतं. कानाच्या रुग्णांनी सांगेपर्यंत कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, नाक जोराने शिंकरायचं नाही, तळ्यात पोहायचं नाही.

मिरगीच्या रुग्णांची गोष्ट वेगळी आहे. गाडीत सुरू झालेल्या गोळ्या पुढे वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात, आणि अचानक बंद केल्या तर झटके आधीपेक्षा जोराने येऊ शकतात. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तीच गोळी सतत मिळेल अशी तजवीज जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या आणि पहिल्या तीन महिन्यांचा साठा गाडी जाण्याआधी केंद्रात आला की नाही हे स्वतः जाऊन बघा. केंद्रात गोळी संपली तर रुग्णाने तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जावं, तिथेही नसेल तर आशाताईंमार्फत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवावं, आणि घरात निदान आठवड्याच्या गोळ्या उरलेल्या असतानाच पुढच्या आणायला निघावं.